मदत हवी आहे: पॉली बुशची कुईकुई थांबेना

मंडळी, गाडीच्या लोअर आर्मचे (चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश, म्हणजे सांध्यातल्या गोल गाद्या, काढून पॉलियुरेथेनचे (पॉली, रबरापेक्षा कडक) बसवलेत. पन्हाळ्याच्या वळणांवर गाडी आता झकास रस्ता धरते, पण स्पीडब्रेकर आला की जुन्या झोपाळ्यागत कुईकुई! पाऊस पडला की तेवढ्यापुरती गप्प.

रबर स्वतः पिळलं जातं, पॉली मात्र स्लीव्हवर (आतल्या धातूच्या नळीवर) फिरतो, कोरडा पडला की ओरडतो, एवढं कळतंय. उद्यमनगरातले मिस्त्री म्हणतात, साधं चॅसिस ग्रीस भरा. मला पटत नाही, पावसाळ्यात धुऊन जाईल. घट्ट, चिकट सिलिकॉन ग्रीस कोल्हापुरात सुट्टं कुठं मिळतं? आर्म न उतरवता ते आत जातं का? की लेथवर स्लीव्हला खाचा पाडून ग्रीस भरायचं निपल बसवून घेऊ? कुणी केलंय का?

नुसता वरून स्प्रे मारा, एवढं मात्र सांगू नका.