घरातले पासवर्ड कोण सांभाळतं? तुमचे अनुभव लिहा

पासवर्ड लांब ठेवा, प्रत्येक ठिकाणी वेगळा ठेवा, कुणाला सांगू नका. हे सगळे सल्ले एकट्या माणसासाठी आहेत. आपल्या घरांत मात्र वडिलांचं पेन्शन, मुलीची शिष्यवृत्ती, पीएफ, गॅस, वीजबिल, प्राप्तिकर असं सगळं बहुधा एकाच माणसाच्या हातात असतं आणि बाकीच्यांना त्यातलं काही ठाऊक नसतं. तो माणूस आजारी पडला तर घर अडतं. म्हणून विचारते आहे: तुमच्याकडे हे कोण बघतं, कशात नोंदवून ठेवतं, दुसऱ्या कुणाला काय माहीत आहे? खरे पासवर्ड किंवा ते बनवायची तुमची खूण कृपया लिहू नका.

आमच्याकडे हे काम माझं. आई-बाबा सांगलीला, मी पुण्यात. दोघांची खाती बिटवॉर्डनमध्ये, म्हणजे पासवर्ड कुलपात जपून ठेवणाऱ्या ॲपमध्ये (पासवर्ड मॅनेजर), ठेवली आहेत. खरी अडचण फोनवर पासवर्ड सांगताना यायची: कोणतं अक्षर मोठं, कोणतं लहान, ते ॲटचं चिन्ह कीबोर्डवर कुठे. आता बाबांच्या खात्यांना एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत, सगळे लहान अक्षरांत. बाबा ते न चुकता टाइप करतात. काही सरकारी साइट चिन्ह आणि आकडा मागतातच, तेवढ्यांपुरते ते आम्ही शेवटी जोडतो.

बँकेतून निवृत्त, नाशिक

माझी डायरी आहे आणि मी तिची बाजू घेणार. इंटरनेटवरचा चोर माझ्या कपाटापर्यंत पोचू शकत नाही. मोबाइलच्या नोट्समध्ये किंवा व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवलेले पासवर्ड मला डायरीपेक्षा जास्त धोक्याचे वाटतात. पथ्यं दोन. एटीएमचा पिन डायरीत नाही. आणि प्रत्येक पासवर्डचा शेवटचा तुकडा लिहिलेला नाही, तो मला आणि सौभाग्यवतींना तोंडपाठ आहे.

डायरीतला सगळ्यात उपयोगी रकाना पासवर्डचा नाहीच. कोणत्या खात्याला कोणता मोबाइल नंबर आणि कोणता ईमेल जोडला आहे, तो रकाना. ते माहीत असेल तर पासवर्ड नवा करता येतो. ते माहीत नसेल तर शाखेत चकरा.

सॉफ्टवेअरमध्ये काम, ठाणे

वरच्या काकांच्या डायरीला माझा विरोध नाही. विरोध आहे एकच पासवर्ड सगळीकडे वापरण्याला. 2009 मध्ये रॉकयू या कंपनीकडून 3 कोटी 20 लाखांहून जास्त पासवर्ड फुटले, तेही उघड्या मजकुरात साठवलेले. त्यात सर्वांत जास्त वेळा सापडलेला होता 123456. अशा याद्या हाती लागल्या की तोच ईमेल आणि तोच पासवर्ड यंत्राकरवी शेकडो साइटवर लावून बघतात. कुठल्याशा स्पर्धेसाठी उघडलेलं खातं फुटतं आणि नुकसान मुख्य ईमेलला होतं. आपला ईमेल अशा यादीत आहे का, हे ट्रॉय हंट यांनी 2013 मध्ये सुरू केलेल्या 'हॅव आय बीन पोन्ड' या साइटवर फुकट बघता येतं.

घरातल्यांना मी पहिलं ईमेल सुरक्षित करायला लावतो, बँक त्यानंतर. 'पासवर्ड विसरलात?' म्हटल्यावर बऱ्याच ठिकाणची लिंक ईमेलवरच येते.

पासवर्ड मॅनेजर वापरत असाल तर त्याचा मुख्य पासवर्ड मनाने रचू नका. 2022 मध्ये लास्टपास या पासवर्ड मॅनेजरच्या ग्राहकांच्या कुलूपबंद तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. चोराच्या हाती प्रत असली की तो निवांत अंदाज बांधत बसतो, आणि तिथे फक्त मुख्य पासवर्डचा दम कामी येतो. मी फासे टाकून शब्द निवडले. पाच वेळा फासा टाकला की 7776 शब्दांच्या यादीतला एक शब्द मिळतो. असे सहा शब्द घेतले. डाइसवेअर म्हणतात याला, 1995 पासून आहे. आणि दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायची सक्ती नको, असं अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेने 2017 मध्येच सांगितलं आहे. सक्ती केली की लोक शेवटचा आकडा तेवढा बदलतात.

कोल्हापूर

हे अचानक गेले. सगळे व्यवहार तेच बघायचे. बाराव्याच्या आतच एका नातेवाइकांनी सुचवलं, त्यांच्या नेटबँकिंगमधून पैसे तुमच्या खात्यावर घेऊन टाका. बँकेतल्या बाईंनी वेळेवर सांगितलं की खातेदार गेल्यावर त्याच्या लॉगिनने व्यवहार करायचा नसतो. मृत्यूचा दाखला आणि नॉमिनीचा अर्ज द्या. तसंच केलं. प्राप्तिकराच्या साइटवरही वारस म्हणून माझ्या स्वतःच्या लॉगिनमधून नोंदणी झाली.

मला पासवर्ड नकोच होते. खाती कुठे कुठे आहेत, याची यादी हवी होती. ती नव्हती. त्यांच्या मोबाइलवर येणाऱ्या मेसेजवरून एकेक विमा, एकेक ठेव शोधली. 'आता तो नंबर कशाला, बंद करून टाक' असं सगळे म्हणत होते. मी रिचार्ज करत राहिले. कृपया कुणीही घाईने नंबर बंद करू नका.

आता माझ्या गूगल खात्यात मी निष्क्रिय खात्याची सोय लावली आहे. 3 ते 18 महिन्यांमधली मुदत आपण निवडायची. तेवढा काळ खातं वापरलं गेलं नाही तर मुलीला कळवलं जाईल आणि फोटो तिला मिळतील. यांच्या फोटोंचं तसं काही करून ठेवलेलं नव्हतं.

महा ई-सेवा केंद्र चालवतो, जालना जिल्हा

आमच्याकडे पासवर्ड घरात नसतो, केंद्रावर असतो. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला पोरं येतात, काही केंद्रवाले स्वतःचाच नंबर टाकतात आणि सगळ्यांना एकच पासवर्ड देतात. पुढच्या वर्षी नूतनीकरणाला पोरगी छत्रपती संभाजीनगरला शिकायला गेलेली, लॉगिन इकडे गावात. मी विद्यार्थ्याचाच नंबर घेतो, पासवर्ड त्यालाच टाकायला लावतो आणि युजर आयडी पावतीमागे लिहून देतो. वेळ लागतो, रांगेतले लोक चिडतात. तरी मी हेच करणार.

नागपूर

मला दिसत नाही. वर सगळे घरच्यांना पासवर्ड माहीत असावेत म्हणताहेत, माझं उलट आहे. माझे सगळे पासवर्ड कायम घरातल्या कुणाला तरी ठाऊक असायचे, कारण पहिल्यांदा टाइप त्यांनी करून दिलेला. स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं एनव्हीडीए पासवर्डच्या चौकटीत नुसतं 'स्टार' बोलतं, त्यामुळे एखादं अक्षर चुकलं तरी कळत नाही. पासवर्ड मॅनेजर आल्यावर टाइप करणंच संपलं. आता गूगलला पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या कुलपानेच ओळख पटवायची सोय, लावली आहे, बोट टेकवलं की खातं उघडतं. माझा ईमेल माझ्याशिवाय कुणी उघडू शकत नाही, हे पहिल्यांदाच घडतंय. नॉमिनी आणि खात्यांची यादी भावाला दिली आहे. पासवर्ड दिलेले नाहीत, देणारही नाही. कॅप्चावर (चित्रातली अक्षरं ओळखायची चाचणी) मात्र अजून अडतो, त्यावर कुणाकडे उपाय असेल तर सांगा.