शब्दचर्चा : 'व्हॅलिडेशन'ला मराठीत काय म्हणायचं?

घर बेळगावात, नोकरी बेंगळुरूत. वायफायच्या आरएफ (रेडिओ लहरींच्या) चिपचं व्हॅलिडेशन करतो. खानापूरला गेलो की आजी विचारते, "तिथं करतोस तरी काय रे?" 'चिप तपासतो' हे उत्तर मलाच अपुरं वाटतं. चिप बनण्याआधी डिझाइन संगणकावर तपासतात ते व्हेरिफिकेशन. आमचं काम त्यानंतरचं. बनून आलेली चिप बोर्डवर बसवायची, -४० ते ८५ अंशांत गारठवायची-तापवायची, व्होल्टेज कमीजास्त करायचं आणि मोजत राहायचं. दोन्हींना 'पडताळणी' कसं म्हणू?

उद्यमबागेतून : आमच्या फाउंड्रीतही तसंच. पॅटर्न (साचा बनवायचा नमुना) ड्रॉइंगशी ताडून बघतो ती पडताळणी, गणिताचा ताळा करावा तशी. बीड (ओतीव लोखंड) ओतल्यावर कास्टिंगमध्ये दाबानं पाणी भरून गळतंय का बघतो, त्याला सगळे 'टेस्ट'च म्हणतात. 'प्रमाणीकरण' चालेल का?

शहापुरातून : नको. त्यात सही-शिक्क्याचा दाखला डोळ्यांपुढे येतो. आमची सराफी आहे, मी 'कस लावणे' सुचवेन. कसोटीच्या दगडावर गिऱ्हाइकाच्या सोन्याची रेघ ओढतो, शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सोन्याची. दोन्हींवर आम्ल लावायचं आणि कुठली किती फिकी पडते ते बघायचं.

मूळ प्रश्नकर्ता : अगदी हेच! सिग्नल मोजणाऱ्या नेटवर्क अ‍ॅनालायझरला आधी ओपन (मोकळं टोक), शॉर्ट (थेट जोडलेलं टोक) आणि ५० ओहमचा लोड (ठरावीक रोध) जोडून कॅलिब्रेट करतो, म्हणजे त्याचं माप जुळवून घेतो. हे तिन्ही आधीच नेमके माहीत असतात, म्हणून पुढच्या मोजमापावर भरवसा. आणि भरवसा किती नाजूक! गेल्या महिन्यात एक चिप १० ऐवजी ८ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं एकक) दाखवत होती. म्हणजे १० मिलिवॉटच्या जागी जेमतेम ६.३. दोन दिवस चिपलाच दोष देत बसलो. शेवटी केबलचा कनेक्टर सैल निघाला. टॉर्क पान्यानं आवळला आणि १० आले. चिपचा कस लावायचा तर आधी आपल्या कसोटीचा लावायला हवा.

अडचण एकच. शेजारच्या टेबलावरचा धारवाडचा सहकारी 'कस' ऐकून दचकला. कन्नडात कस म्हणजे केर! अर्थ सांगितल्यावर म्हणाला, "हां, ओरेगल्लु." त्यांच्याकडे कसोटीचा दगड तो हा, आणि पारखायचं म्हणजे 'ओरेगे हच्चु'. दोन्ही भाषा एकाच दगडाशी आल्या. मराठीत लिहिताना मी 'कसचाचणी' लिहिणार आहे. आजीला मात्र 'चिपचा कस लावतो' एवढंच सांगेन. बांगड्या मोडायला ती सराफाकडे स्वतः गेलेली आहे.