प्लेटिंगच्या सांडपाण्यातील निकेल काढण्यासाठी समुद्रशैवाल चालेल का?

प्रश्न (मालवणची_लेक):
आमच्या छोट्या कारखान्यात तांबे, निकेल आणि क्रोमियम यांचे प्लेटिंग होते. धुलाईच्या टाक्यांतले हिरवट पाणी चुन्याने निवळल्यावरही निकेल ३ मिलिग्रॅम प्रति लिटर या मर्यादेखाली दरवेळी येतेच असे नाही. माझे माहेर मालवणचे, त्यामुळे ओहोटीला खडकांवर दिसणारे सरगॅसम हे तपकिरी समुद्रशैवाल परिचयाचे आहे. ते वाळवून उभ्या नळीत भरले आणि त्यातून पाणी सोडले तर उपयोग होईल का? शैवाल जिवंतच लागते का?

उत्तर (रसायनी_वाचक):
ताई, मृत, वाळलेलेच शैवाल वापरतात. त्याच्या पेशीभित्तिकेतील अल्जिनेट या चिकट पदार्थावरचे कार्बॉक्सिल गट (ऋणभारित होणारे अणुगट) कॅल्शियम, सोडियम सोडून देतात आणि त्यांच्या जागी धातूचे धन आयन धरतात. तांब्यासाठी एका ग्रॅमला सुमारे १ मिलिमोल, म्हणजे ६३ मिलिग्रॅमच्या आसपास क्षमता मिळू शकते. निकेल मात्र सैल धरले जाते आणि पाण्यात तांबे असेल तर तेच जागा बळकावते. चुन्यानंतर सामू (पीएच) बराच चढलेला असतो, तो ४ ते ५ पर्यंत उतरवावा लागेल. त्याहून खाली गेल्यास हायड्रोजन आयनच त्या जागा अडवतात.

उत्तर (पाणी_तपासनीस):
क्रोमियमचे पाणी यात मिसळू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. षटसंयुजी क्रोमियम (Cr6+) क्रोमेटच्या रूपात ऋण आयन असते, म्हणून त्याची वाट वेगळी ठेवून आधी सोडियम मेटाबायसल्फाइटने त्याचे त्रिसंयुजी क्रोमियम (Cr3+) करावे. शिवाय निकेल अमोनिया किंवा सायट्रेटने बांधलेले असेल तर ते चुन्याला दाद देत नाही आणि शैवालालाही देणार नाही. आधी हेच तपासा.

उत्तर (प्रयोगशाळेतून):
मी हे नळीत करून पाहिले आहे. कच्चे शैवाल फुगले, बुळबुळीत झाले आणि नळी तुंबली. बाहेर येणारे पाणी चहासारखे तपकिरी होते, म्हणजे सीओडी (पाण्यातील सेंद्रिय घाणीचे माप) वाढला. कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात रात्रभर भिजवून, धुऊन, वाळवून भरड दळल्यावर हा त्रास पुष्कळ कमी झाला. भरलेली नळी विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतली की धातू थोड्याशा द्रावणात उतरतो आणि तेच शैवाल पुन्हा वापरता येते. निकामी झालेले शैवाल मात्र खतात घालू नका, तो घातक कचरा आहे. आणि ताई, खडकावरचे उपटू नका, त्यात माशांची पिल्ले आसरा घेतात. लाटांनी किनाऱ्यावर टाकलेले तेवढेच वेचा.