खोकडाची विष्ठा तपासायची आहे, उणे २० चा फ्रीझर पुरेल का?

पाऊलखूण:
लाल खोकडाच्या आहाराचा अभ्यास सुरू करतोय. विष्ठेचे दीडशेएक नमुने जमतील. लॅबमध्ये उणे २० चा साधा फ्रीझर आहे. आठवडाभर त्यात ठेवून मग केस-हाडं वेगळी केली तर जंतांच्या अंड्यांची भीती उरते का? आमच्या भागातल्या खोकडांत इकायनोकॉकस मल्टिलोक्युलॅरिस हा पट्टकृमी (आतड्यात राहणारा चपटा जंत) सापडलेला आहे. माग काढायला सोबत कुत्राही असतो.

सूक्ष्मदर्शी:
उरते, आणि पुरती उरते. या पट्टकृमीची अंडी उणे १८ ला आठ महिन्यांपर्यंत तगल्याची नोंद आहे. उणे ८० ला निदान ४८ तास हवेत, उणे ७० असेल तर चार दिवस. हे तास नमुन्याच्या गाभ्यापर्यंत थंडी पोचल्यावर मोजायचे. पिशव्या एकावर एक कोंबल्या की कडेच्या गोठतात आणि मधल्या मागे राहतात. पिशव्या चपट्या करून एकाच थरात ठेवा.

उणे ८० ची सोय नसेल तर सरळ उकळा. प्रत्येक नमुना नायलॉनच्या बारीक जाळीत (जुन्या स्टॉकिंगचा तुकडा चालतो) गाठ मारून बांधा, आत पेन्सिलने लिहिलेली क्रमांकाची चिठ्ठी टाका, आणि उकळी फुटल्यापासून पंधरा मिनिटं ठेवा. केसांवरची खवल्यांची नक्षी, दात, किड्यांची कवचं शाबूत राहतात. डीएनए हवा असेल तर मात्र हा मार्ग बाद.

अल्कोहोल, सॅनिटायझर किंवा नेहमीच्या फॉर्मॅलिनवर विसंबू नका, अंड्याचं जाड कवच त्यांना दाद देत नाही. हात साबण लावून चोळून धुवायचे ते अंडी वाहून जावीत म्हणून, साबणाने ती मरत नाहीत.

पाऊलखूण:
आणि उन्हात कडक वाळवले तर? ही अंडी कोरडेपणाने मरतात असं वाचलंय.

सूक्ष्मदर्शी:
मरतात, पण वरून खडखडीत दिसणाऱ्या लेंडीच्या आत ओल असते. शिवाय कोरडी विष्ठा चुरली की धूळ उडते, ती तोंडात जाते. ओलीच ठेवा, निर्जंतुक झाल्यावर पाण्याखाली चाळणीत फोडा. एकदा वापरून फेकायचे हातमोजे आणि मास्क हवेतच.

गोठा_ते_दवाखाना:
कुत्र्याचं मी सांगतो. त्याला लागण होते ती लागण झालेले उंदीर खाऊन. अळी पोटात गेल्यापासून साधारण २८ दिवसांत अंडी पडू लागतात, म्हणून दर चार आठवड्यांनी प्राझिक्वांटेल हे जंतांचं औषध, दर किलो वजनाला ५ मिग्रॅ. तीन महिन्यांनी एकदा ही नेहमीची पद्धत इथे कुचकामी, कारण औषधाचा असर पुढे टिकत नाही. औषध प्रौढ कृमी मारतं, अंडी नाही. त्यामुळे डोस दिल्यानंतरचे दोन-तीन दिवस शी उचलून, बंद पिशवीत घालून जाळायला द्या. विष्ठेत लोळला तर हातमोजे घालून आंघोळ. नुसत्या शी-तपासणीवर भरवसा नको: अंडी रोज पडत नाहीत, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ती टेनिया या दुसऱ्या पट्टकृमींच्या अंड्यांसारखीच दिसतात.

निदानकर्ता:
माणसाच्या बाजूने थोडं. या कृमीची अंडी पडताक्षणी लागण करू शकतात. टॉक्सोकारा या गोल जंताचं उलट आहे, त्याच्या अंड्यांना मातीत दोन-चार आठवडे पिकावं लागतं. म्हणजे ताज्या विष्ठेला टॉक्सोकारासाठी माफी, मल्टिलोक्युलॅरिससाठी नाही. अंडं गिळल्यावर अळी यकृतात कर्करोगासारखी पसरत जाते आणि लक्षणं दिसायला ५ ते १५ वर्षं लागतात. हाताला विष्ठा लागली म्हणून दुसऱ्या दिवशी रक्त तपासून काही कळणार नाही. काम सुरू करण्याआधी एक रक्तनमुना देऊन ठेवा, नंतर ठरावीक काळाने अँटिबॉडी तपासत राहा. फरक दिसला तर यकृताची सोनोग्राफी. स्वतःच्या मनाने अल्बेंडाझोल हे जंतांचं औषध घेत बसू नका. या आजारात ते वर्षानुवर्षं चालतं, तेही यकृताच्या आणि रक्तपेशींच्या तपासण्या करत.