मदत हवी आहे: आईच्या दत्तक गेलेल्या बहिणीचा डीएनएवरून शोध, नमुना कोणाचा द्यावा?

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात, नौपाड्यात राहते. आई सत्तरीची, माझ्याकडेच असते. तिच्या पाठची बहीण झाली त्या बाळंतपणातच आजी गेली. कमावणारे आजोबा एकटे, पदरात आधीच दोन पोरं. बाळ मुंबईतल्या एका संस्थेत दिलं. पुढे ‘फॉरेनच्या साहेबांनी नेलं’ एवढंच घरात माहीत. संस्था केव्हाच बंद पडली. परदेशी दत्तकाला सुप्रीम कोर्टाने १९८४ साली नियम घालून दिले, हे त्याच्या कितीतरी आधीचं. शिवाय ‘कारा’कडे, म्हणजे केंद्र सरकारच्या दत्तक यंत्रणेकडे, मूळ शोधायचा अर्ज दत्तक गेलेल्या व्यक्तीनेच करायचा असतो. म्हणजे तोही रस्ता बंद.

इथल्या एका लॅबमध्ये विचारलं, तर तिथे फक्त बाप-लेक छाप टेस्ट. दोघांचे नमुने आणा, नातं सांगतो म्हणाले. अहो, दुसरं माणूसच तर शोधायचंय!

आता अडलंय ते असं. भाचा म्हणतो, नमुना तूच दे, कारण आईचं तोंड गोळ्यांमुळे सतत कोरडं. नळीभर थुंकी जमायची नाही. चालेल का? दुसरं, आजी-आजोबा एकमेकांची आतेमामेभावंडं होती. त्याने आकडे चुकतात का? आणि मामाचं म्हणणं, झाकली मूठ सव्वा लाखाची, कशाला उकरता? आईला मात्र बहीण बघायचीच आहे.

प्रतिसाद

ताई, नमुना आईंचाच द्या. सख्ख्या बहिणींचा डीएनए साधारण ५० टक्के जुळतो, मावशी-भाचीचा २५. मावशींऐवजी त्यांच्या मुलाने टेस्ट केली असेल तर त्याचा आईंशी २५ आणि तुमच्याशी जेमतेम साडेबारा.

थुंकी नकोच. मायहेरिटेज आणि फॅमिली ट्री डीएनए या परदेशी कंपन्या गालाच्या आतून काडी फिरवून नमुना घेतात आणि त्यांच्याकडे टेस्ट केलेल्या बाकीच्यांशी तो जुळवून बघतात. मावशी युरोपात गेल्या असतील तर मायहेरिटेजपासून सुरुवात करा, तिथले लोक त्यात बरेच आहेत. किट भारतात पाठवतात का ते मागवण्याआधी बघा. निकालाची कच्ची फाइल (डीएनएची मूळ माहिती) मग जेडमॅच या जुळणीच्या वेबसाइटवर चढवता येते. तिथे वेगवेगळ्या कंपन्यांत टेस्ट केलेले लोक भेटतात. अ‍ॅन्सेस्ट्री ही टेस्ट कंपनी मात्र बाहेरची फाइल घेत नाही.

आपल्याकडचे फार कमी लोक या टेस्ट करतात, म्हणून इथली हरवलेली नाती सहसा सापडत नाहीत. तुमचं उलट आहे. मावशी जिथे गेल्या तिथेच या टेस्टचं वेड.

आतेमामे लग्नांमुळे आकडे फुगतात हे खरं. पिढ्यान्‌पिढ्या जातीतच सोयरीक असल्याने लांबचे लोकही जवळचे दिसतात. जुळणारा डीएनए सेंटिमॉर्गनमध्ये मोजतात; २०-३० सेंटिमॉर्गनवाल्यांच्या नादी लागू नका. सख्खी बहीण २६०० च्या आसपास किंवा वरच येईल, लपणार नाही. १७०० च्या आसपास आला तर भाचा, स्वतःचा नातू, आई किंवा बाप एकच असलेलं सावत्र भावंड काहीही असू शकतं. वय बघून ठरवायचं.

नाव पूर्ण टाकू नका, आद्याक्षरं पुरेत. २०२३ मध्ये ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या टेस्ट कंपनीतून सुमारे ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली होती. मामांची संमती आईंच्या नमुन्याला लागत नाही, पण कळवा. उद्या सापडली तर त्यांचीही बहीणच.

धागालेखिका

खूप आभार! काडीचं किटच मागवते. मामाशी आईच बोलणार म्हणते, माझं तो ऐकायचा नाही. अजून एक: मॅच आलाच तर पहिल्या मेसेजमध्ये काय लिहावं? आजी बाळंतपणात गेली हे लगेच सांगायचं, की आधी फक्त ‘ओळख करून घ्यायला आवडेल’ एवढंच? कोणी असा मेसेज लिहिलाय का?