मदत हवी आहे: रेग्युलेटर पाण्याखाली फ्री-फ्लो होतोय

नमस्कार मंडळी. तारकर्लीला डाइव्ह करताना माझ्या रेग्युलेटरची (सिलिंडरच्या हवेचा दाब कमी करून श्वासाला देणारं उपकरण) सेकंड स्टेज, म्हणजे तोंडात धरायचा भाग, अचानक धो धो हवा सोडायला लागली. माउथपीस खाली वळवला, त्याच्या तोंडावर बोट धरलं, तरी थांबेना. 12 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बारला 2400 लिटर हवा असते, पण अशा वेळी ती काही मिनिटांत संपते. बडीचा (सोबतच्या डाइव्हरचा) ऑक्टोपस, म्हणजे जादा सेकंड स्टेज, घेऊन सावकाश वर आलो.

आता जमिनीवर रेग्युलेटर जोडला की आधी सगळं ठीक. पर्ज (हवा सोडायचं बटण) दाबून सोडलं की मिनिटभर शांत, मग बारीक सुस्स सुरू. फर्स्ट स्टेज, म्हणजे सिलिंडरवर बसणारा भाग, सिलिंडरचा दाब साधारण 9-10 बारवर आणते. तिची सीट (व्हॉल्व्ह घट्ट बंद करणारा भाग) झिजली की हा मधला दाब चढत जातो आणि सेकंड स्टेजचा व्हॉल्व्ह आपोआप उघडतो. मला तोच संशय आहे. दुकानदार मात्र फक्त सेकंड स्टेजची स्प्रिंग घट्ट करू म्हणतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

मधला दाब गेजवर किती वेळ पाहावा? मुंबई, मालवण किंवा गोव्यात दोन्ही स्टेज उघडून नीट सर्व्हिस करणारं कोणी खात्रीचं आहे का? लेकीला नेत्राणी बेटावर डाइव्हला न्यायचंय, त्याआधी हे व्हायलाच हवं.