मदत हवी आहे: खाऱ्या पाण्याकाठच्या बागेतले दिवे टिकत नाहीत

बाग थेट खाडीपर्यंत उतरते. पायवाटेला १२ व्होल्टचे १४ एलईडी दिवे आहेत, सगळे आयपी६७, म्हणजे धूळ आणि पाणी आत न शिरू देणारे. तरी वर्षाच्या आत पाच बंद पडले. एक उघडला तर काचेला आतून दव, वायरीच्या तोंडाशी तांबं हिरवं पडलेलं, पण गॅस्केट (झाकणाचं रबरी सील) मात्र कोरडं. माझा संशय असा की दिवा विझून थंड झाला की आतली हवा आकसते आणि जोडातली ओल वायरीच्या तारांमधून आत ओढली जाते.

जोडांना ओल अडवणारे जेलवाले कनेक्टर लावले, ३०४ स्टीलचे स्क्रू काढून खाऱ्या हवेत कमी गंजणाऱ्या ३१६ स्टीलचे घातले. त्यानंतरही एक गेलाच. शेवटच्या दिव्याला ११.२ व्होल्ट मिळतात, म्हणजे व्होल्टेज कमी पडण्याचा प्रश्न नाही.

वाट दगडी आहे, वायर उकरता येणार नाही. उजेड २७०० केल्व्हिन (उबदार पिवळसर) आणि खाली तोंड केलेलाच हवा. डोळ्यांवर आला की रात्रीचं पाणी दिसेनासं होतं, आणि त्या पाण्यासाठीच तर ही बाग आहे.

नुसती पितळी बॉडी घेऊन भागेल, की वायर आत शिरते तिथे रेझिन (ओतल्यावर घट्ट होणारं रसायन) भरलेलेच दिवे घ्यावेत? खाऱ्या वाऱ्यात कुणाचे तीन-चार वर्षं टिकलेत?